अक्षतांच्या वेळीच जेवणाच्या हॉलमधल्या टीव्हीवरचं चित्र का फुटतं? गर्दीच्या वायफायवर मल्टिकास्ट व्हिडिओची दुरुस्ती

सांगली-मिरजेकडच्या मंगल कार्यालयांत आता एक मांडणी सर्रास दिसते. स्टेजवरचे कॅमेरे मिक्सरला, मिक्सरमधून एचडीएमआय वायर एनकोडरला (चित्र दाबून नेटवर्कवर सोडणारं खोकं), एनकोडर नेटवर्कच्या स्विचला आणि तिथून मल्टिकास्टने (एकच प्रत सोडायची, ज्याला हवी त्याने घ्यायची) जेवणाच्या हॉलमधल्या, गॅलरीतल्या आणि पार्किंगकडच्या टीव्हींना. प्रत्येक टीव्हीमागे एक अँड्रॉइड बॉक्स. जवळचे बॉक्स केबलवर, लांबचे वायफायवर, कारण "नव्या रंगावर आता ड्रिल लावायचं नाही" असं मालकांनी आधीच बजावलेलं असतं.

तक्रारही सगळीकडून सारखीच येते. सकाळी हॉल रिकामा असताना चित्र लख्ख. सीमांतपूजनापर्यंत सगळं ठीक. अंतरपाट धरला की चित्राचे चौकोन व्हायला लागतात आणि ऐन "शुभमंगल सावधान"ला टीव्ही ठार. पंगती उठून माणसं पांगली की पुन्हा आपोआप चालू. दुरुस्तीला संध्याकाळी कोणी गेलं तर त्याला काहीच सापडत नाही, आणि पुढच्या तिथीला तेच रडगाणं.

त्यावर लोक काय करतात? मोठा इंटरनेट प्लॅन घेतात. ही स्ट्रीम कार्यालयाच्या बाहेर जातच नाही, त्यामुळे प्लॅन कितीचाही घ्या, फरक शून्य. मग कोणीतरी बूस्टर आणून लावतो. तो तर त्याच हवेत तीच पॅकेट (डेटाचे तुकडे) दुसऱ्यांदा ओरडतो, म्हणजे होती ती गर्दी वाढवतो.

"टीव्ही थांबतो" ही तक्रार एक असली तरी तिच्यामागे वेगवेगळे बिघाड असतात, आणि बऱ्याचदा दोन एकदम. म्हणून आधी काहीही बदलू नका. टीव्ही *कसा* थांबतो ते एकदा उभं राहून बघा. अर्धं निदान तिथंच होतं.

स्वच्छ चालून चारेक मिनिटांनी थिजतो

चित्र फुटत नाही, चौकोन नाहीत, आवाज तुटत नाही. शेवटची फ्रेम तशीच राहते. ॲप बंद करून उघडलं की लगेच सुरू, आणि परत चार-सव्वाचार मिनिटांनी थांबतं. केबलवरचे बॉक्सही थांबतात, ही मोठी खूण. इथे वायफायला शिव्या देऊ नका, हा स्विचचा मामला आहे.

बॉक्स चालू झाला की नेटवर्कला सांगतो, "मला २३९.१.१.१० हा ग्रुप हवा." ग्रुप म्हणजे मल्टिकास्टचा पत्ता, आणि ही मागणी म्हणजे आयजीएमपीची (मल्टिकास्ट मागायच्या-सोडायच्या नियमांची) जॉइन. स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग चालू असेल तर तो हे कान देऊन ऐकतो आणि ज्या पोर्टवर मागणी आली तिथंच स्ट्रीम सोडतो. ही नोंद मात्र कायमची नसते. नेटवर्कमध्ये कोणीतरी ठरावीक वेळाने "अजून कोणाला हवंय का?" असं विचारत राहावं लागतं. त्याला क्वेरिअर म्हणतात. मानकातला नेहमीचा हिशेब असा: दर १२५ सेकंदांनी विचारणा, दोन विचारणा चुकल्या आणि वर १० सेकंद गेले की नोंद रद्द. एकूण २६० सेकंद, म्हणजे ४ मिनिटं २० सेकंद. विचारणारा कोणीच नसेल तर बॉक्सला उत्तर द्यायची वेळच येत नाही आणि स्विच त्या पोर्टचा पुरवठा तोडतो. बॉक्सला हे कोणी कळवत नाही. तो बिचारा वाट बघत बसतो.

हे होतं कधी? जुना साधा स्विच जळाला आणि त्याच्या जागी चांगला मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच आला तर. स्नूपिंग बऱ्याचदा कंपनीकडूनच चालू येतं, क्वेरिअर मात्र बंद असतो, कारण ते काम मल्टिकास्ट राऊटर करील असं गृहीत धरलेलं असतं. कार्यालयात असतो घरगुती राऊटर, आणि त्याच्यावर हा भरवसा ठेवता येत नाही. मग हॉलमधला पोरगा हातात रिमोट घेऊन उभा आणि दर थोड्या वेळाने "ओ दादा, परत थांबलं की!"

उपाय सोपा आहे. मधल्या मुख्य स्विचवर क्वेरिअर चालू करा आणि व्हिडिओ ज्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळा काढलेला नेटवर्कचा भाग) आहे तिथं स्विचला स्वतःचा आयपी पत्ता द्या, नाहीतर काही स्विच विचारणा पाठवतच नाहीत. दोन ठिकाणी चुकून क्वेरिअर चालू राहिला तरी भांडण होत नाही. सगळ्यांत लहान आयपी असलेला जिंकतो, दुसरा गप्प बसतो. पण तो जिंकणारा कोण हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

एक आडवाट फार लोकप्रिय आहे: स्नूपिंगच बंद करून टाकणं. थिजणं खरंच थांबतं, आणि मंडळी खूश होऊन घरी जातात. आता स्ट्रीम प्रत्येक पोर्टवर पसरते, म्हणजे वायफाय पसरवणाऱ्या ॲक्सेस पॉइंटलाही (एपी), तिथं कोणी मागणारा असो वा नसो. एपी बिचारा ती सगळी हवेत ओततो आणि ऑफिसमधलं बिल काढायचं वायफायही झोपतं. स्विचचा बिघाड हवेत नेऊन ठेवला, एवढंच झालं.

पत्त्याचाही एक खड्डा आहे. २३९.०.०.५ असले सोपे पत्ते लोक पटकन टाकतात. मल्टिकास्ट आयपीचे फक्त शेवटचे २३ बिट मॅक पत्त्यात (स्विच ज्यावरून पोर्ट ठरवतो तो पत्ता) उतरतात, त्यामुळे ३२ आयपी पत्ते एकाच मॅकवर बसतात. २३९.०.०.५ चा मॅक आणि २२४.०.०.५ चा मॅक एकच. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ ही पट्टी नेटवर्कच्या स्वतःच्या कारभारासाठी राखीव असल्यामुळे स्विच ती अडवत नाहीत. परिणाम असा की स्नूपिंग चालू असूनही तुमचा व्हिडिओ सगळीकडे सांडतो. २३९.१.१.१० सारखा पत्ता घ्या, प्रश्न मिटला.

केबलवर स्वच्छ, वायफायवर चौकोन

हा खरा अक्षतांच्या वेळचा बिघाड.

वायफायवर नेहमीचा, एकाच यंत्रासाठीचा डेटा, म्हणजे युनिकास्ट, जातो तेव्हा प्रत्येक फ्रेमची पावती परत येते. पावती आली नाही की एपी पुन्हा पाठवतो, वेग कमी-जास्त करून बघतो, टक्कर झाली असं वाटलं तर थोडं जास्त थांबतो. मल्टिकास्टला यातलं काहीच नाही. निवेदक माइकवरून "पंगत बसली" म्हणतो, ती मागच्या दारातल्यांना ऐकू गेली का, हे त्याला कळत नाही, तसंच. फ्रेम गेली ती गेली. टक्कर झाली तरी एपीला पत्ता नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. कोण किती लांब आहे हे ठाऊक नसल्यामुळे एपी मल्टिकास्ट सगळ्यांत खालच्या बेसिक रेटने (जोडलेल्या प्रत्येकाला जमायलाच हवा असा वेग) पाठवतो. २.४ गिगाहर्ट्झवर तो बऱ्याचदा १ एमबीपीएस असतो, ५ गिगाहर्ट्झवर ६ एमबीपीएस. खोक्यावर "१२०० एमबीपीएस" छापलेलं असतं, ते या कामाला लागू नाही.

हिशेब करून बघा. व्हिडिओ ४ एमबीपीएसचा. एमपीईजी ट्रान्सपोर्ट स्ट्रीमचं (व्हिडिओ तुकड्यांत पाठवायची मांडणी) एक पॅकेट १८८ बाइटचं, अशी सात मिळून एका यूडीपी (पावती न मागणाऱ्या) पॅकेटात १३१६ बाइट. म्हणजे सेकंदाला साधारण ३८० पॅकेट. हेडर धरून प्रत्येक १४०० बाइटच्या आसपास. ६ एमबीपीएसने एक पॅकेट हवेत जायला, मधलं थांबणं धरून, जवळपास २ मिलिसेकंद. ३८० पॅकेटना पाऊण सेकंद. एकाच व्हिडिओने प्रत्येक सेकंदाचा पाऊण हिस्सा खाल्ला, आणि तोही रिकाम्या हॉलमध्ये! १ एमबीपीएसवर तर गणित जुळतच नाही. तिथे सेकंदाला नव्वदसुद्धा पॅकेट जात नाहीत.

सकाळची चाचणी पास का होते ते आता कळेल. चॅनेलवर उरलेला पाव हिस्सा तेव्हा कोणी मागत नाही. मुहूर्ताला हॉलमध्ये शेकडो मोबाईल येतात. कोणाचा हॉटस्पॉट चालू, कोणाचा फोन ओळखीचं वायफाय शोधत सारखे प्रोब ("कोणी आहे का?" अशा हाका) पाठवतोय, आजूबाजूचे एपी त्याला उत्तरं देतायत. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. तिथली हवा तेव्हा तुडुंब भरलेली असते. शिवाय माणसाचं शरीर बहुतांशी पाणी, ते सिग्नल पितं. रिकाम्या हॉलमध्ये भिंतीच्या कोपऱ्यातून पोचणारा एपी उभ्या गर्दीतून पोचत नाही.

किती नुकसान सहन होतं? फार थोडं. १ टक्का पॅकेट गेली तरी सेकंदाला चार गेली. त्यातलं एखादं कीफ्रेमचं (अधूनमधून येणाऱ्या पूर्ण चित्राचं) असलं तर पुढची कीफ्रेम येईपर्यंत चित्र खराबच राहतं, कारण मधल्या सगळ्या फ्रेम तिच्यावर रचलेल्या असतात. युनिकास्टवर असलं नुकसान पुन्हा पाठवून भरून निघतं, बघणाऱ्याला कळतही नाही. इंटरनेटची मानकं काढणाऱ्या आयईटीएफने ऑक्टोबर २०२१ मध्ये आरएफसी ९११९ (आरएफसी म्हणजे त्यांचा क्रमांकित दस्तऐवज) काढला तो याच दुखण्यावर आहे. तेव्हा हे फक्त आपल्याकडच्या स्वस्त सामानाचं लफडं आहे असं समजू नका.

आता अक्षतांकडे. बरेच एनकोडर व्हेरिएबल बिटरेटवर (चित्राप्रमाणे सेकंदाचा डेटा कमी-जास्त होणारा) ठेवलेले असतात. भटजी मंगलाष्टकं म्हणतायत, कॅमेरा स्थिर, मागे फुलांचं डेकोरेशन, तेव्हा बिटरेट खाली असतो. शेवटच्या ओळीला शेकडो हातांतून तांदूळ उडतात. प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेने, मागे माणसं उठून उभी राहिलेली, फोटोवाल्यांचे फ्लॅश, प्रत्येक फ्लॅशला आख्खी फ्रेम पांढरी. एनकोडरला मागच्या फ्रेमवरून पुढची ओळखणं जमत नाही आणि बिटरेट उसळतो. हवा सगळ्यांत भरलेली आणि स्ट्रीम सगळ्यांत जाड, या दोन्ही गोष्टी एकाच मिनिटात जुळून येतात. मालक म्हणतात "मुहूर्तालाच नेमकं कसं होतं?" ते असं होतं.

टीव्ही ठरावीक लयीत अडखळतो

चौकोन येतात, पण एका ठेक्यात, सेकंदाला दोन-तीनदा. इथे बघा, बॉक्सच्या वायफायवर पाहुण्यांचे किंवा कामगारांचे मोबाईल जोडलेले आहेत का. पासवर्ड "१२३४५६७८" असला तर नक्की असणार.

मोबाईल बॅटरी वाचवायला डुलक्या घेतात. एका वायफाय नावावर जोडलेला एकही फोन डुलकीत असला तरी एपी त्या नावावरचं सगळं मल्टिकास्ट धरून ठेवतो आणि डीटीआयएम बीकनलाच सोडतो. बीकन म्हणजे एपीची ठरावीक वेळाने येणारी हाक, आणि डीटीआयएम म्हणजे दर कितव्या हाकेला साठवलेलं सोडायचं तो आकडा. बीकन साधारण १०२.४ मिलिसेकंदांनी येतो. डीटीआयएम ३ असेल तर पॅकेट ३०० मिलिसेकंदांवर अडून राहतात, म्हणजे ४ एमबीपीएसच्या स्ट्रीमची शंभरावर पॅकेट साठून एकदम धाडकन सुटतात. एपीच्या बफरात जागा नसली की उरलेली केराच्या टोपलीत. एका वाढप्याच्या खिशातला फोन सगळ्या टीव्हींना छळू शकतो, हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही. डीटीआयएम १ करा आणि बॉक्ससाठी वेगळं वायफाय नाव ठेवा, ज्याचा पासवर्ड ऑफिसच्या फळ्यावर लिहिलेला नसेल.

काय करायचं, कोणत्या क्रमाने

जे भिंतीला खिळलेलं आहे त्याला केबल द्या. टीव्ही काही फिरायला जात नाही. केसिंग-कॅपिंगमधून कॅट सिक्स नेली तर रंग खराब होत नाही, हे मालकांना एकदा दाखवा. माझ्या मते निम्म्या कार्यालयांत दुरुस्ती इथंच संपते. पुढचं सगळं उरलेल्या टीव्हींसाठी.

त्यांना ५ गिगाहर्ट्झवर घ्या, आणि एपी त्याच हॉलच्या छताला लावा, डोक्यांच्या वर. ऑफिसमधून स्लॅब भेदून ५ गिगाहर्ट्झ खाली यायची अपेक्षा ठेवू नका. चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला हाताने निवडा, ऑटोवर सोडू नका. ५२ ते १४४ ही रडारसोबत वाटून घेतलेली चॅनेल आहेत. रडारसारखं काही दिसलं की एपीला चॅनेल सोडावं लागतं, आणि तशाच दुसऱ्या चॅनेलवर गेला तर आधी किमान मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं. सप्तपदीच्या वेळी ते परवडत नाही. रुंदी २० किंवा ४० मेगाहर्ट्झ पुरे.

मग बेसिक रेट वाढवा. ६ आणि ९ काढून १२ किंवा २४ करा. २४ वर तोच ४ एमबीपीएसचा व्हिडिओ पाऊण सेकंदाऐवजी पाव सेकंदाच्या आत बसतो. मोबदल्यात पल्ला कमी होतो, पण एपी डोक्यावरच असेल तर पल्ला हवाय कोणाला?

यानंतर सगळ्यांत कामाची कळ: मल्टिकास्टचं युनिकास्टमध्ये रूपांतर. स्विचपर्यंत स्ट्रीम मल्टिकास्टच राहते. एपी मात्र शेवटच्या टप्प्यात प्रत्येक बॉक्सला वेगळी प्रत पाठवतो, पावतीसह, पुन्हा पाठवण्यासह, बॉक्सला झेपेल त्या वेगाने. मायक्रोटिकमध्ये ही सोय "मल्टिकास्ट हेल्पर" नावाने आहे, युनिफायमध्ये "मल्टिकास्ट एन्हान्समेंट", अरुबामध्ये "डायनॅमिक मल्टिकास्ट ऑप्टिमायझेशन", ओपनडब्ल्यूआरटीमध्ये सरळ "मल्टिकास्ट टू युनिकास्ट". कोणत्या बॉक्सला प्रत द्यायची हे एपीला आयजीएमपीवरूनच कळतं, म्हणजे इथेही क्वेरिअर लागतोच.

याला मर्यादा आहे. ३ एमबीपीएसचे सहा टीव्ही म्हणजे १८ एमबीपीएस, कुठलाही बरा एपी हसत देईल. चाळीस बॉक्स झाले की १२० एमबीपीएस, आणि त्यातला कोपऱ्यातला कमजोर सिग्नलवाला एकटा दहा जणांचा वेळ खातो. तिथे एपी वाढवा, वेगवेगळ्या चॅनेलवर. वायफायच्या मानकात २०१२ साली ८०२.११ एए या दुरुस्तीने मल्टिकास्टला पुनःपाठवणीची सोय दिली आहे, पण बाजारातल्या साध्या बॉक्सकडून तिची अपेक्षा धरू नका.

एनकोडरवर कॉन्स्टंट (न बदलणारा) बिटरेट, ७२० पी, अडीच ते तीन एमबीपीएस, कीफ्रेम दर सेकंदाला. जिलेबी खाताना पंधरा फुटांवरून ७२० आणि १०८० मधला फरक कोणी सांगून दाखवावा! एका पॅकेटात १३१६ बाइटच ठेवा. जास्त भरलं आणि पॅकेट दोन तुकड्यांत गेलं तर एक तुकडा हरवला तरी दोन्ही वाया.

एपीवर युनिकास्ट रूपांतराची कळ उपलब्धच नसेल तर एफईसीचा (हरवलेलं भरून काढायला आधीच जादा पॅकेट पाठवणं) विचार करा. एसएमपीटीई २०२२-१ च्या पद्धतीत पॅकेट आडव्या-उभ्या ओळींत मांडून प्रत्येक ओळीमागे एक जादा पॅकेट पाठवतात. १० बाय १० च्या चौकटीत शंभरामागे वीस जादा, आणि सलग दहा पॅकेट गेली तरी उभ्या ओळींवरून परत मिळतात. पण एनकोडरने पाठवलं म्हणून बॉक्समधल्या प्लेअरला ते उलगडता येईलच असं नाही, आधी तपासा. आणि हवा आधीच भरलेली असताना वीस टक्के आणखी ओतायचं का, हेही ठरवा. मी हा उपाय शेवटी ठेवतो.

"पाहुण्यांच्या मोबाईलवर पण दिसलं पाहिजे" ही मागणी हमखास येते. मल्टिकास्टने ते होणार नाही. ब्राउझरला मल्टिकास्ट घेता येत नाही. अँड्रॉइडवर ॲपने मल्टिकास्ट लॉक मागितला नाही तर फोन ती पॅकेट गाळून टाकू शकतो, आणि आयफोनवर आयओएस १४ पासून ॲपला ॲपलकडून खास परवानगी लागते. त्यांना यूट्यूब लाइव्हची लिंक द्या, आपापल्या डेटावर बघू देत. पुण्या-मुंबईच्या मावश्या तशाही तिथंच बघणार आहेत.

मोजायचं कुठे

लॅपटॉपवर वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि व्हीएलसी (व्हिडिओ प्लेअर). आधी लॅपटॉप एनकोडरशेजारच्या पोर्टला लावा, मग एपी ज्या पोर्टवर आहे त्याच स्विचला, मग वायफायवर. तिन्ही ठिकाणी व्हीएलसीच्या आकडेवारीत हरवलेल्या फ्रेम बघा. ट्रान्सपोर्ट स्ट्रीममध्ये ० ते १५ असा फिरता कंटिन्युइटी काउंटर असतो, त्यात उडी दिसली की पॅकेट गेलं. पहिल्याच जागी उडी असेल तर एनकोडर किंवा त्याची वायर, पुढे कुठेही शोधू नका. वायरशार्कमध्ये आयजीएमपी गाळून पाच मिनिटं बघा. विचारणा दिसलीच नाही तर वर सांगितलेला २६० सेकंदांचा प्रकार पक्का. आणि ही तपासणी मुहूर्ताच्या वेळी करा, हॉल भरलेला असताना. रिकाम्या हॉलमधल्या आकड्यांना काही किंमत नाही.

एवढं करूनही काही लग्नांत बिघडतं आणि काहींत नाही, असं होत असेल तर शूटिंगवाल्यांकडे बघा. क्रेनवरच्या किंवा गिंबलवरच्या कॅमेऱ्यातून मिक्सरकडे बिनवायरीचा एचडीएमआय ट्रान्समीटर लावलेला असतो, आणि त्यातले बरेचसे ५ गिगाहर्ट्झवरच चालतात. ड्रोनही अनेकदा २.४ किंवा ५.८ वर. प्रत्येक लग्नाला टीम वेगळी, म्हणून बिघाडही येऊन-जाऊन. सकाळी केबल ओढत असतानाच त्यांना चॅनेल विचारून घ्या. ते वरच्या पट्टीत, १४९ च्या बाजूला असतील तर तुम्ही ३६ वर जा. त्यांना चॅनेल बदलता येत नसेल तर तुम्हीच बदला, मुहूर्ताच्या आधी.